डंगरीचा माग : कपड्याच्या एका इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे. ऑर्डरची वही माझ्याकडे असते. काही वर्षांपूर्वी एका साखर कारखान्यातून फोन आला : वर्कशॉपच्या पोरांसाठी डंगरी पाहिजे, निळ्या रंगात, चाळीस नग. मी वहीत तसंच लिहिलं. “डंगरी, निळी, ४० नग, मापं सोबत.” वही कटिंग टेबलावर गेली आणि मी दुसऱ्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलाजवळ गेले तर बावीस नग कापून झाले होते. छातीवर चौकोनी बिब, खांद्यावरून दोन पट्टे, पाठीत फुली. कारखान्याला हवी होती गळ्यापासून घोट्यापर्यंत सलग, लांब बाह्यांची, पुढे चेन असलेली. आमचे कटिंग मास्तर तेलुगू घरातले, बोलणं मात्र अस्सल सोलापुरी. म्हणाले, “ओ ताई, डंगरी म्हणजे पट्ट्याचीच की! बाह्यावाली पाहिजे होती तर बॉयलर सूट लिहायचं.” मी कारखान्याला फोन केला. तिकडचे स्टोअरवाले म्हणाले, “अहो मॅडम, तीस वर्षं आम्ही हिलाच डंगरी म्हणतोय.”

दोघंही खरं बोलत होते. कापड माझं गेलं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा हा शब्द नीट शोधायला बसले आणि त्यातून जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही. युनिटमध्ये नवीन मुलंमुली आली की मी त्यांना ही पद्धत शिकवते. त्यासाठी इंग्रजीचं शिक्षण लागत नाही. मराठी नीट वाचता आलं, इंग्रजी अक्षरं लावता आली आणि मोबाईलवर इंटरनेट असलं की पुरे. एक वही, एक टाचणी आणि थोडी चिकाटी जवळ ठेवा. उदाहरण म्हणून डंगरीच घेते, कारण तिचा माग काढताना जे सापडतं ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पायरी पहिली : आज आपल्याकडे हा शब्द कशाला म्हणतात, ते लिहा

कोश उघडण्याची घाई करू नका. आधी आपल्या भोवती विचारा. शब्दाचा आजचा अर्थ कोशापेक्षा दुकानात लवकर कळतो.

मी नवी पेठेतल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात विचारलं. तिथे डंगरी म्हणजे पट्ट्यांची, आत टीशर्ट घालून वरून चढवायची. गॅरेजमध्ये विचारलं. तिथे डांगरी, काना लावून, आणि अर्थ अंगभर सलग पोशाख. रेल्वेतल्या एका जुन्या फिटरकाकांना विचारलं, तेही डांगरीच म्हणाले आणि वर सांगितलं, “तेलाचे डाग पडले तरी दिसत नाहीत, म्हणून निळी.” एवढ्यानेच माझ्या वहीत तीन ओळी झाल्या : उच्चार दोन, पोशाख दोन, रंग बहुतेक निळा, काम अंगमेहनतीचं.

सोलापुरात एक सोय अशी आहे की मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. पूर्व भागात जा, साखर पेठेत जा, अशोक चौकात उभे राहा. कापडाचा कुठलाही शब्द तिन्ही भाषांत विचारून घ्या. कोण काय म्हणतं, ते ज्याच्या त्याच्या उच्चारानेच लिहा, स्वतःच्या शुद्धलेखनात बसवू नका. त्याचा उपयोग पुढे होतो.

पायरी दुसरी : इंग्रजीत त्याचे किती अर्थ आहेत, आणि कुठला आधीचा, ते पाहा

साधा इंग्रजी कोश घेतला तरी डंगरीला दोन-तीन अर्थ दिसतात. ब्रिटनमध्ये हा शब्द बहुतेकदा अनेकवचनी वापरतात आणि तिथे तो बिब आणि पट्ट्यांचा पोशाख. आमच्या मास्तरांनी कापला तोच. अमेरिकेत जुन्या पिढीचे लोक निळ्या जाड सुती पँटला, म्हणजे आपण जीन्स म्हणतो तिला, डंगरी म्हणत. तिथल्या नौदलातल्या खलाशांच्या कामाच्या कपड्यांनाही हेच नाव होतं. आणि आपल्याकडे बाह्यांचा सलग पोशाख. नाव एक आणि कपडे तीन, तेव्हा आमची ऑर्डर चुकली यात नवल नव्हतं.

नवीन माणूस नेमका इथेच अडखळतो. तीन अर्थ दिसले की त्यातला बरोबर कुठला, असं तो विचारतो. विचारायचं ते असं, की त्यातला आधीचा कुठला. चांगले कोश प्रत्येक अर्थाला तो पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडला ते साल देतात. डंगरीच्या बाबतीत हे तिन्ही अर्थ नवे ठरतात. सतराव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द लिहिला तेव्हा तो कपड्याचा नव्हताच. तो कापडाचा होता. जाडंभरडं, स्वस्त, सुती कापड. त्या कापडाच्या विजारी खलाशी आणि कामगार घालू लागले आणि एकोणिसाव्या शतकात कापडाचं नाव विजारीला चिकटलं. पुढे विजारीला बिब आली, कुठे बाह्या आल्या, नाव तेच राहिलं.

कापडाचं नाव कपड्याला लागणं ही फार जुनी रीत आहे. जीन्सचं तसंच झालं. ते नाव इटलीतल्या जेनोवा शहराच्या फ्रेंच नावावरून आलं, आधी कापडाला आणि मग पँटला. डेनिम हे फ्रान्समधल्या नीम गावचं. तिथल्या सर्ज कापडाला ‘द नीम’, म्हणजे ‘नीमचं’ म्हणत, त्याचं डेनिम झालं. तेव्हा वहीत दोन रकाने करा, एक कापडाचा आणि एक कपड्याचा. साल पाहून अर्थ ज्या त्या रकान्यात टाका. निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

पायरी तिसरी : हॉब्सन-जॉब्सन उघडा, पण कंस पाहून वाचा

हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा एक जुना कोश आहे, त्याचं नाव हॉब्सन-जॉब्सन. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी तो केला, १८८६ साली निघाला. दुसरी आवृत्ती विल्यम क्रूक यांनी वाढवून १९०३ मध्ये काढली. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. त्याच ठिकाणी मराठीचे, हिंदी-उर्दूचे, तेलुगूचे जुने कोशही ठेवलेले आहेत. मी मोबाईलमध्ये ते पान जपूनच ठेवलं आहे.

हा कोश वाचताना चौकोनी कंसांकडे लक्ष ठेवा. कंसातला मजकूर क्रूक यांनी १९०३ मध्ये घातलेला आणि कंसाबाहेरचा मूळचा. ही एक खूण कळली नाही तर कोणी कधी काय म्हटलं याचा घोळ होतो.

डंगरीची नोंद काढा. कंसाबाहेर, म्हणजे १८८६ च्या मजकुरात, लिहिलं आहे की हे जाडंभरडं, हलक्या प्रतीचं सुती कापड, आणि हा शब्द आमच्या माहितीतल्या कुठल्याही कोशात नाही. लगेच पुढे कंस उघडतो आणि सतरा वर्षांनंतरचे क्रूक तीन कोशांची नावं देतात. एक हिंदी-उर्दूचा, प्लॅट्स यांचा. त्यात डुंगरी म्हणजे जाडं कापड. दुसरी मद्रास प्रांताची शब्दसूची. तिच्यात तेलुगू शब्द दंगिडी दिलेला आहे आणि तो मुंबईजवळच्या त्याच नावाच्या गावावरून आल्याचं म्हटलं आहे. आणि तिसरा आपला मोल्सवर्थ.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोबाईल खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले. कुठल्याही कोशात नाही असं ज्या शब्दाबद्दल दोन विद्वान लिहून गेले, तो मराठी कोशात १८५७ सालीच छापलेला होता. शोधायला जायची जागा तेवढी चुकली होती. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदरच आहे. पण त्या दिवसापासून मी एक नियम केला : कापडाचा कुठलाही इंग्रजी शब्द असो, मराठी कोश उघडल्याशिवाय त्याच्यावर फुली मारायची नाही.

पायरी चौथी : मराठी कोशात जा

मराठी कोश तीन लागतात. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात खंडाखंडांनी निघालेला. आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश, १९४६ चा. पहिले दोन शिकागोच्या त्याच संकेतस्थळावर आहेत. कागदावर पाहायचे असतील तर जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या संदर्भ विभागात विचारा, बहुतेक ठिकाणी एखादा तरी संच असतो. पान हाताने उलटण्यात एक फायदा असा की शेजारचे शब्दही डोळ्यांखालून जातात, आणि कितीदा तरी उत्तर शेजारच्याच शब्दात असतं.

मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे कंसात एक इंग्रजी अक्षर असतं. एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे पर्शियन म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदुस्थानी. शब्द कुठल्या भाषेतून आला, याची ती खूण.

आता कसं शोधायचं ते सांगते. डंगरी टाकून शोधू नका. साहेबांच्या तोंडात आपल्या शब्दाचे स्वर बदलतात. ओचा उ होतो आणि इंग्रजी स्पेलिंगमधला तो उ आज आपण अ वाचतो. म्हणून स्वर काढून टाका आणि नुसती व्यंजनं ठेवा : ड, ग, र. अनुस्वार असू शकतो. आता या व्यंजनांवर निरनिराळे स्वर बसवून पाहा. डांगर, डुंगर, डिंगर, डोंगर. आणि डोंगरवर आलात की थांबा.

मोल्सवर्थ सांगतो : डोंगरी कापड. मुंबईत डोंगरी किल्ल्याला लागून जी वस्ती होती, तिथे विकलं जाणारं साधं देशी कापड, ते मूळचं डोंगरी कापड. पुढे कुठल्याही हलक्या, स्वस्त सुती कापडाला तेच नाव पडलं. इंग्रजी डंगरी हे त्याचंच बिघडलेलं रूप, हेही तो सांगतो. आणि डोंगरी म्हणजे लहान डोंगर, टेकडी.

आपण डोंगरी भाग म्हणतो, डोंगरी शेळी म्हणतो. तोच हा शब्द. लंडनच्या दुकानात पोराला पट्ट्यांची डंगरी घेणारी बाई नकळत मुंबईच्या एका टेकडीचं नाव घेते. आणि आपण तो इंग्रजी शब्द समजून परत घेतला, वर एक अनुस्वार ठेवला आणि ओ हरवला.

पायरी पाचवी : काळ आणि जागा जुळतात का, ते तपासा

इथे बरेच जण वही मिटतात. आपला शब्द निघाला, आनंद झाला, सगळ्यांना सांगत सुटले. असं करू नका. खरा शोध इथून पुढे सुरू होतो, कारण सापडलेलं उत्तर आवडलं म्हणून ते खरं ठरत नाही.

आधी जागा. मुंबईत आज डोंगरी म्हणतात तो भाग सँडहर्स्ट रोड स्टेशनजवळ आहे. मोल्सवर्थने सांगितलेला डोंगरी किल्ला त्याच्या दक्षिणेला होता. त्या जागी इंग्रजांनी १७६९ मध्ये फोर्ट जॉर्ज उभा केला. रात्री सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालात की सकाळी सीएसएमटीला उतरता. स्टेशनच्या पूर्वेला सेंट जॉर्ज हॉस्पिटल आहे, त्याच्या आवारात त्या किल्ल्याचा उरलेला तुकडा अजून आहे. बंदर तिथून हाकेच्या अंतरावर. स्वस्त कापडाचा बाजार बंदराजवळच्या वस्तीत असणार आणि खलाशी तिथूनच ते उचलणार, हे पटण्यासारखं आहे.

आता काळ. हॉब्सन-जॉब्सनमध्ये नोंदीखाली जुने उतारे सालवार दिलेले असतात. ते सोडून देऊ नका, मला तर व्याख्येपेक्षा तेच जास्त मोलाचे वाटतात. डंगरीखालचा पहिला उतारा १६१३ चा. जॉन सॅरिस नावाचा इंग्रज कप्तान पूर्वेकडच्या बेटांवर लवंगा घेत होता आणि बदल्यात हिंदुस्थानी सुती कापड देत होता. कुठल्या कापडाला किती लवंगा याची यादीच त्याने लिहून ठेवली. तिच्यात भडोचच्या कापडाशेजारी हे डोंगरी कापड आहे, स्पेलिंग वेगळं असलं तरी तेच.

१६१३ साली मुंबई पोर्तुगीजांकडे होती. इंग्रजांच्या राजाला ती १६६१ च्या लग्नाच्या तहात मिळाली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती १६६८ मध्ये आली. फोर्ट जॉर्ज त्याच्याही शंभर वर्षांनंतरचा. म्हणजे इंग्रज मुंबईत येण्याआधी अर्धशतक हे कापड नावासकट दूरच्या बेटांवर पोचलं होतं. इंग्रजांच्या किल्ल्यामुळे शब्द जन्मला, असं कोणी सांगितलं तर ते इथे अडतं. टेकडी आणि तिच्याजवळची वस्ती मात्र किल्ल्याच्या आधीची, त्यामुळे मोल्सवर्थचं मूळ तेवढ्यावरून मोडत नाही.

दुसरा उतारा १६७३ चा, फ्रायर नावाच्या डॉक्टर प्रवाशाचा. किनाऱ्यावर कुठे काय चांगलं मिळतं हे सांगताना तो म्हणतो, डंगरी आणि वजनदार मिरी घ्यायची ती कारवारला. कारवार! मुंबईहून कितीतरी खाली. इथे मी बरेच दिवस अडकले होते. शब्द डोंगरीचा, मग माल कारवारचा कसा?

उत्तर मला आपल्याच गावात मिळालं. सोलापुरी चादर. तिला भौगोलिक मानांकन आहे, नाव कायद्याने राखलेलं आहे, तरीही बाहेरगावी विणलेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जातात, हे इथला प्रत्येक मागवाला तुम्हाला चिडून सांगेल. गाव नावाजलं की गावाचं नाव कापडाच्या जातीचं नाव होतं, आणि मग ते कुठेही विणलं तरी नाव तेच चालतं. १६७३ पर्यंत डोंगरीचं तेच झालेलं असावं. मोल्सवर्थनेही लिहिलंच आहे की आधी त्या वस्तीत विकलं जाणारं कापड आणि पुढे कुठलंही हलकं सुती कापड. फ्रायरचा उतारा त्याच्या आड येत नाही, उलट त्याला टेकू देतो.

आणखी एक उतारा मला फार आवडतो. १८६८ साली इंग्रजीत छापलेल्या दख्खनी गोष्टींच्या एका संग्रहात गोष्टी सांगणारी आया जुन्या दिवसांची आठवण काढते : आज जी डंगरी अर्धा रुपया वार पडते, ती तेव्हा रुपयाला वीस ते चाळीस वार मिळायची. त्या काळी माणसाच्या अंगावर काय होतं आणि ते कितीला पडत होतं, हे या एका वाक्यात आलं.

पायरी सहावी : कापड हातात घ्या

ही पायरी पुस्तकवाले वगळतात. सोलापुरात राहून आपण ती वगळली तर काय उपयोग? जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली, त्याच्या आधीपासून हातमाग होते. इथल्या कुठल्याही जुन्या विणकरापुढे चिंधी ठेवली तर तो बोटांनी चोळूनच तिची जात सांगतो.

जुन्या वर्णनात डोंगरी कापडाची एक खूण दिलेली आहे. ते विणताना ताण्यात (उभ्या धाग्यांत) आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत) एकेरी धागा नसे, दोन किंवा अधिक धागे एकत्र जात. त्यातलं बारीक ते गरिबांच्या कपड्याला, जाडं ते होड्यांच्या शिडांना आणि तंबूंना. आता आजची डंगरी घ्या. शिवणीच्या आतला सुटा कोपरा धरा आणि टाचणीने एकेक धागा बाहेर ओढा. पिक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, असेल तर ते कापडावर ठेवून बघा. तिरकी रेघ दिसली तर ते ट्विल किंवा ड्रिल. डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा असतो, म्हणून जीन्स उलटी केली की आतून फिकट दिसते. सरळ चौकटीत वरखाली जाणारी वीण असेल तर साधी. मी कारखान्याच्या त्या चुकलेल्या बावीस नगांतली चिंधी घेऊन बसले होते. पॉलिस्टर मिसळलेलं ड्रिल निघालं, तिरक्या रेघेचं, रंगवलेलं.

म्हणजे ज्या कापडावरून नाव पडलं, ते कापड आज डंगरीत उरलेलंच नाही. जुनी डोंगरी सुती होती, जोडधाग्याची होती. जाडेपणा आणि कष्टाचं काम एवढं मात्र तेव्हापासून आजपर्यंत टिकलं. शब्दाचा माग काढताना काय टिकलं आणि काय गळालं हे वहीत वेगवेगळं लिहा. नाहीतर चारशे वर्षांपूर्वीच्या उताऱ्यात डंगरी दिसली की तुमच्या डोळ्यांपुढे बिब आणि पट्टे येतील, आणि ते चूक आहे.

कुठे पाय घसरतो

सगळ्यात मोठा धोका सारख्या आवाजाचा. डंगरीबद्दल मला दोघा-तिघांनी ठामपणे सांगितलं की ती डांगरावरून आली, डांगर म्हणजे हिंदीतलं डंगर, गुरं, गुराख्याचा पोशाख. ऐकायला झकास. पण जुना अर्थ पोशाखाचा नाहीच, कापडाचा आहे. दुसरी पायरी नीट केली असेल तर ही गोष्ट तिथेच गळून पडते.

दुसरा धोका म्हणजे सगळं आपलंच आहे, असं वाटू लागणं. डंगरी सापडली की माणसाला तसा जोर चढतो, मलाही चढला होता. पण शर्ट आणि स्कर्ट घ्या. ते दोन्ही जुन्या जर्मानिक भाषेतल्या एकाच शब्दाची लेकरं, आखूड या अर्थाची, आपला त्यात काही वाटा नाही. युनिफॉर्म लॅटिनमधला : ऊनुस म्हणजे एक, फोर्मा म्हणजे रूप. आपण त्याला गणवेश हा आपला शब्द केला. आणि ज्याला आपण घरचं समजतो ते काज, बटणाचं, ते पोर्तुगीज कासा या शब्दावरून आलेलं आहे. कासा म्हणजे घर. बटणाचं घर. शिवणकाम करणाऱ्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्या हातातलं काज पुन्हा एकदा निरखून बघतात.

सरावाला सोपे शब्द घ्या. पायजमा : फारसी पाय आणि जामा, इंग्रजीत गेला तो झोपायचा पोशाख होऊन. खाकी : फारसी खाक, धूळ. आपण जळून खाक म्हणतो तेच. १८४६ मध्ये पेशावरला उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीपासून हा रंग फौजेत रुळला आणि आज आपल्या कपाटात पोलिसांच्या ऑर्डरीचे ताके त्याचेच असतात. कॅलिको : कालिकत बंदर. कमरबंद, शाल, बांधणीवरून बंडाना, हे तर पाहताक्षणीच ओळखू येतात. आणि चादर. तीही फारसीच. इराणात तिचा अर्थ बाईने डोक्यावरून घ्यायचं वस्त्र आणि इंग्रजीत चॅडोर म्हणून तोच गेला. सोलापुरात तिची पांघरायची चादर झाली.

उलटी वाटही असते. डोंगरीत गावाचं नाव कापडाला लागलं. आपल्या चाटी गल्लीत कापड विकणाऱ्यांचं नाव गल्लीला लागलं. चाटी म्हणजे कापड विकणारा व्यापारी, हा जुना मराठी शब्द मोल्सवर्थमध्ये आहे. त्या गल्लीत लग्नाचा बस्ता बांधायला पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या कितीतरी जणांना तो ठाऊक नसतो. सोलापुरात नवीन आला असाल तर शोधाची सुरुवात तिथूनच करा, पाट्या वाचत वाचत.

शेवटची पायरी : कार्ड लिहा

प्रत्येक शब्दाला एक कार्ड, पोस्टकार्डाएवढं. त्याच्यापेक्षा मोठं केलं की माणूस ऐकीव गोष्टी भरायला लागतो. आमच्या कटिंग टेबलावर काचेखाली डंगरीचं कार्ड आहे, त्यावर असं लिहिलं आहे :

“डंगरी, डांगरी. आज : (१) बिब आणि पट्टे, लहान मुलं. (२) बाह्यांचा सलग, वर्कशॉप. इंग्रजीत आधी कापड, १६१३ पासून. मग विजार. मग पोशाख. मूळ : डोंगरी कापड, मुंबईची डोंगरी. मोल्सवर्थ, १८५७. जुनं कापड सुती, जोडधाग्याचं. आजचं बहुधा ड्रिल.”

प्रत्येक विधान कुठून घेतलं ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहा. कोणी सांगितलं, कुठल्या कोशात, कुठलं साल. मागची बाजू कोरी असेल तर मी नवीन मुलांचं कार्ड काचेखाली लावत नाही.

आणि ऑर्डरच्या वहीत मी आता डंगरी या शब्दापुढे दोन चौकोन छापून घेतले आहेत : बाह्या आणि पट्टे. फोनवर विचारल्याशिवाय आणि एका चौकोनात बरोबरची खूण केल्याशिवाय वही टेबलावर जात नाही. ते बावीस नग पुढे पट्ट्यांसकट शिवून कमी भावात काढले, त्यातला एक मास्तरांनी स्वतःच्या नातवासाठी आखूड करून नेला.

नवीन आलेल्यांना मी पहिलं काम देते ते मांजरपाटाचं. जाडं कोरं सुती कापड, कोपऱ्यात त्याचे ताके पडलेले असतात, सँपल कापायला लागतं. त्या नावात मांजर कुठून आलं? सहा पायऱ्या, एक कार्ड, आठ दिवस. स्वर बदलून पाहा, आणि गावांच्या नावांवर लक्ष ठेवा.